रजेवरची आक्का

"डबा कशाला, आक्का?" हिल्डानं विचारलं आणि हातातला नारळ तसाच धरून ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी माळ्यावरून स्टीलचा एक जुना डबा शोधून काढला होता आणि नळाखाली तो खसाखसा घासत होते. फेस्ताच्या सणानंतरच्या सोमवारी मी सिस्टरांच्या शाळेत नर्स म्हणून रुजू होणार होते. शाळा बसनं अर्ध्या तासाच्या वाटेवर. दुपारी पोटाला काहीतरी लागणारच.

"दुपारच्या जेवणाला," मी म्हटलं. "तू काही वेगळं करू नकोस हं. भात नि कढी जे असेल ते मीच भरून घेईन."

"तसं नाही हो. तिथं बोर्डिंगच्या मुलींचं जेवण असतं ना?"

"असतं. ते मुलींचं. मला कशाला वाढतील?"

हिल्डा "बरं, बरं," एवढंच पुटपुटली, कोयता उचलला आणि नारळाला असा घाव घातला की निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी डबा घासण्यात गर्क होते.

हिल्डा वाईट बाई नाही हे आधीच सांगून टाकते. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. चार घरी जाऊन सांगता आलं असतं, बघा, भावाच्या बायकोनं मला कशी वागवली. तसं काही सांगण्यासारखं तिनं कधी केलं नाही. लिगोरीनंही नाही. लिगोरी माझा धाकटा भाऊ. आमचे वडील गेले तेव्हा तो चड्डीत होता आणि मी मंगळूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुढचं आमच्या भागात कोणालाही विचारा, शंभर घरांत हीच कथा. मी कुवेतला गेले. आधी छपराला कौलं आली, मग कौलं जाऊन स्लॅब आला, मग स्लॅबवर माडी आली. मला स्थळं येत होती. मांय म्हणायची, एवढं घर होऊन जाऊ दे गं. घर झालं, आणि स्थळं यायची थांबली.

पस्तीस वर्षं मी एकाच हॉस्पिटलात डायलिसिसच्या पुरुष विभागात होते. दोन वर्षांतून एकदा महिनाभर रजा मिळायची. त्या महिन्यात मी या घरात राणी असायचे. विमानतळावर गाडी यायची. आल्या दिवशी डुकराचं मांस आणि सान्नां, आमच्या फुगलेल्या इडल्या. मी उठून पाण्याचा पेला घ्यायला गेले तर चौघे धावायचे. "तुम्ही बसा हो, आक्का. चार दिवस आलात." मला वाटायचं, घर म्हणतात ते हेच. आता माणसाला दुसरं काही ठाऊकच नसेल तर त्याला वाटणार काय?

एप्रिलात माझा करार त्यांनी वाढवला नाही. मी कायमची परत आले. पहिला महिना नेहमीसारखा गेला. दुसऱ्या महिन्यात मांस रविवारवर आलं, त्याचं मला काही नाही, त्यांनाही परवडायला हवं. पण "तुम्ही बसा, आक्का" काही सुटलं नाही, फक्त सूर बदलला. मी मीठ ठेवलं की ते दुसरीकडे जायचं. मी वाळत घातलेले कपडे हिल्डा गुपचूप काढून पुन्हा तिच्या पद्धतीनं घालायची. संध्याकाळी रोझरीच्या वेळी सगळे आपापल्या जागी गुडघे टेकायचे आणि मी दाराजवळ अवघडून उभी, कारण बाकी प्रत्येक जागेला मालक होता. पाचव्या महिन्यात मला कळलं की मी या घरात लुडबुड करते आहे.

म्हणून ही नोकरी. पाद्रीबाबांनी देवळात रविवारच्या मिसेच्या प्रार्थनेनंतर सांगितलं की सिस्टरांना शाळेसाठी नर्स हवी आहे, आणि मी तिथल्या तिथं हात वर केला. पगार काय, सुट्ट्या किती, काही विचारलं नाही. मला एवढंच हवं होतं की सकाळी घरातून निघावं आणि संध्याकाळी दमूनभागून त्याच घरी परत यावं. जगातली सगळी माणसं हे करतात. मी कधीच केलेलं नव्हतं. रिकामटेकडी पाहुणी जड होते, पण कामावरून येणारं माणूस घरातलं होऊन जातं, असा माझा हिशेब होता.

तयारीत मात्र कसर ठेवली नाही. सेकंद काट्याचं घड्याळ घेतलं. पायाला मऊ पण आवाज न करणारे बूट घेतले. उवांची फणी घेतली, तेव्हा दुकानदार माझ्या पिकल्या केसांकडे बघायला लागला. कुवेतमध्ये म्हाताऱ्या बाप्यांच्या हाताला नुसता अंगठा लावून मी शीर सांगायचे, पण शाळेतल्या पोरांशी बोलायचं काय, हे मला येत नव्हतं. आणि बोलायचं ते कन्नडमध्ये. माझी कन्नड मोडलेली. रागावले की तोंडातून अरबी येते.

त्यासाठी मी प्रीमाला धरलं. प्रीमा ही लिगोरीची धाकटी, मंगळूरला कॉलेजात जाते. मला आकय म्हणते, आमच्यात आत्याला तसंच म्हणतात. ती पलंगावर आडवी झाली आणि पोट धरून विव्हळायला लागली.

"एल्ली नोवु?" मी विचारलं. कुठं दुखतंय.

"आकय, असं पोलिसासारखं नाही विचारायचं! पोरगी दुखणं विसरून पळून जाईल."

"मग कसं?"

"जरा गोड. आणि आधी नाव विचार. आणि हात असा कमरेवर ठेवू नकोस."

मी हात खाली घेतले आणि गोड आवाज काढला. प्रीमा इतकी हसली की पलंगावरून खाली आली. "आता तू हलव्याच्या दुकानातल्या बाईसारखी वाटतेस. असू दे, असू दे, चालेल. आता सांग, माझं पोट खरं दुखतंय की गणिताचा पेपर आहे?"

"जीभ दाखव."

तिनं जीभ दाखवली. "पेपर आहे," मी म्हटलं. "उठ, वर्गात जा."

"आणि मी रडले तर?"

"तर दहा मिनिटं पड इथं. पण मग जायचं."

"बघ, आलं की तुला," प्रीमा म्हणाली आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. त्या संध्याकाळी मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, झालं, लागतंय जमायला.

फेस्ताच्या दोन दिवस आधी मी शाळेत जाऊन आले. हेडमिस्ट्रेस सिस्टर सेलेस्तीन ही उंच, घाईत चालणारी बाई. चालता चालता बोलते, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर मागे पळावं लागतं. आजारी मुलींची खोली तिनं मला उघडून दाखवली. लोखंडी खाट, वजनकाटा, भिंतीवर उंची मोजायची पट्टी, आणि औषधांच्या कपाटात पुठ्ठ्याचे पंख कोंबलेले.

"नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे," सिस्टर म्हणाली. "दुसरीकडे जागा नाही हो, सेवरीनबाय. तुम्ही आलात की हलवू."

"औषधं कुठं आहेत मग?"

"पंखांच्या मागं."

मला हसू आलं आणि बाई आवडली. मी मनातल्या मनात खाट खिडकीकडे सरकवली, पंख माळ्यावर टाकले, हात धुवायला बादली कुठं ठेवायची तेही ठरवलं. तेवढ्यात सिस्टरनं आतलं एक दार उघडलं. पलीकडे एक लहान खोली. खाट, टेबल, भिंतीवर क्रूस, खिडकीला नवा कोरा पडदा.

"आणि ही तुमची. पडदा कालच शिवून आणलाय. न्हाणीघर पाठीमागं आहे, गरम पाणी सकाळी मिळतं."

"माझी म्हणजे? दुपारी टेकायला?"

सिस्टर पहिल्यांदाच थांबली. "राहायला. तुमचे भाऊ येऊन गेले ना गेल्या आठवड्यात. म्हणाले, आक्का इथंच राहील, बोर्डिंगच्या मुलींना बरंच होईल, तिलाही सोबत होईल. तुम्हाला सांगितलं नाही?"

मला कान गरम झाल्याचं स्पष्ट आठवतं. पण पस्तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईला चेहरा सांभाळता येतो. "सांगितलं असेल," मी म्हटलं. "फेस्ताच्या गडबडीत माझ्याच लक्षात राहिलं नाही. पण राहायलाच हवं का, सिस्टर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. नन झाली तरी बाईच ती, तिला कळलं. "नाही," ती हळू म्हणाली. "सक्ती कसली? रात्रीचं आमची वॉर्डन बघते. तुम्ही घरून येऊन-जाऊन केलंत तरी मला चालेल. काय ते ठरवून मला कळवा."

म्हणजे आता सगळं माझ्या घरावर आलं. बसमध्ये बसून मी ठरवलं की लिगोरीला विचारायचं. तोंडावर विचारायचं. पण फेस्त होऊन जाऊ दे. वर्षाच्या सणाला घरात वाद नको. बघा, मीही तेच म्हणत होते, जे माझी मांय म्हणायची.

मोंती फेस्त म्हणजे आमचं नवं, नव्या भाताचा सण. नऊ दिवस पोरं देवळात देवमातेच्या पुतळ्याला फुलं वाहतात आणि नवव्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादित करून घराघरांत वाटल्या जातात. त्या दिवशी मासमच्छी नाही. अळूची देठं, भेंडी, पडवळ, अंबाड्याचं आंबट, सगळं केळीच्या पानावर. लोंबीतले दाणे घरचा कर्ता सोलतो, गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात टाकतो, आणि जेवणाआधी घरातला प्रत्येकजण आपला दाणा गिळतो. जो परमुलखात असेल त्याचाही दाणा निघतो, कागदाला चिकटवून पाकिटातून जातो. मला दरवर्षी यायचा. मी तो दोन पाळ्यांच्या मध्ये, नर्सांच्या खोलीतल्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन गिळायचे, आणि उभ्या उभ्या छातीवर क्रूसाची खूण करून कामाला लागायचे. पस्तीस वर्षांत या सणाला मी एकदाही घरी नव्हते. रजा मिळायची ती मे महिन्यात.

या वेळी मी पहाटेपासून हिल्डाच्या मागे मागे होते. तिनं मला भेंडी चिरायला दिली, मग मी चिरलेली भेंडी तिनंच हळूच आणखी बारीक केली. करू दे म्हटलं. मिसेहून आलो, आल्तारावर, घरच्या देव्हाऱ्यावर, मेणबत्ती लागली, पानं मांडून झाली. मी नवी साडी नेसले होते. दाणे थोरापासून धाकट्यापर्यंत वाटत जातात आणि या घरात आता सर्वांत थोरली मी. मला माहीत होतं की पहिली वाटी माझी. लहान पोरीसारखी मी आतून हरखले होते, सांगायला लाज वाटते.

लिगोरीनं प्रार्थना म्हटली. लोंबी हातात घेतली, नखानं दाणे सोलले. एक वाटी स्वतःसमोर ठेवली. एक हिल्डासमोर. एक प्रीमासमोर. त्यानं डोळे मिटले, दूध प्यायला. मला वाटलं, कर्त्यापासून सुरुवात करायची नवी पद्धत निघाली असेल. हिल्डा प्यायली. प्रीमा प्यायली. मला वाटलं, थोरल्या माणसाला सर्वांत शेवटी, मानानं देत असतील. आशा किती मूर्ख असते! मी हात पुसून तयारच बसले होते.

लिगोरीनं आल्ताराच्या पायथ्याची दोन पाकिटं उचलली. एक जॉयसनचं. जॉयसन हा त्याचा थोरला, कॅनडात असतो, बायको आणि पोर घेऊन. त्यात त्यानं तीन दाणे ठेवले. दुसऱ्यात एक दाणा ठेवला, कागदाला चिकटपट्टी लावून, नीट. मग तो ते पाकीट जिभेनं बंद करायला लागला आणि माझी नजर पत्त्यावर गेली. सिस्टर सेवरीन क्रास्ता. खाली पोस्टाच्या पेटीचा नंबर. खाली कुवेत.

कोणाच्याच लक्षात येत नव्हतं. मी समोर बसले होते, पान माझ्यासमोर होतं, पानावर मीठ वाढलेलं होतं, आणि माझा भाऊ माझा दाणा मला कुवेतला पाठवत होता.

प्रीमानं पहिल्यांदा पाहिलं. "दादा!" ती बापावर ओरडली. "आकय इथं बसलीय!"

लिगोरीची जीभ तशीच बाहेर. हिल्डानं तोंडावर हात मारला. "देवा रे! अगो प्रीमा, पत्ता कोणी लिहिला?"

"तूच म्हणालीस फेस्ताची पाकिटं लिहून ठेव! दरवर्षी दोन लिहिते, दोन लिहिली. मला काय माहीत!"

"मला काय माहीत म्हणजे? आक्का दिसत नाहीत तुला?"

"तुला दिसत होती की! दूध तिनंच ढवळलंय!"

मग सगळे हसायला लागले. लिगोरी इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. न हसण्याइतकी मी त्या घरातली नव्हते. त्यानं पाकीट फाडलं, चिकटपट्टी सोडवली आणि दाणा माझ्या तळहातावर ठेवला. त्याला थोडा कागद लागूनच आला होता. दूध संपलं होतं.

"थांबा, थांबा, आत्ता नारळ खवते," हिल्डा उठली. तिचे डोळे खरंच भरले होते.

"बस गं," मी म्हटलं. "पानं वाढलीत. निवतील." मी पेल्यातलं पाणी घेतलं आणि दाणा गिळला, नेहमीसारखा. मग अळू छान झालंय म्हटलं. ते खरोखर छान झालं होतं.

जेवणानंतर लिगोरी बाहेरच्या सोप्यावर खुर्चीत बसला होता. मी दुसरी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"सिस्टरला तू भेटून आलास," मी म्हटलं.

तो दात कोरत होता, थांबला. "तुझ्याच सोयीसाठी गं, आक्का. रोजची बस, हा पाऊस, हे वय. मुरगळला पाय कुठं तर?"

"मला विचारलं असतंस."

"विचारणारच होतो. म्हटलं, फेस्त होऊ दे."

"आणि माझी खोली?"

"डिसेंबरात जॉयसन येतोय. वरच्या खोलीत एसी आहे, पोराला उकाडा सोसत नाही. म्हणजे तू असलीस तरी अडचण नाही, प्रीमाच्या खोलीत खाट मावते…" बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. 

"लिगोरी, सरळ सांग. मी घरून येऊन-जाऊन करू की तिकडंच राहू?"

तो बागेकडे बघत राहिला. मी लावलेली सुपारी आता घराच्या वर गेली होती. लावलेली म्हणजे पैसे मी पाठवलेले, खड्डे त्यानं खणलेले.

"घर तुझंच आहे, आक्का," तो म्हणाला. "तुझी मर्जी."

घरच्या माणसाला असं कोणी सांगत नाही. हे दारात आलेल्याला सांगतात, चहा पुढे करताना. मला संताप आला. "घर माझं आहे ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी वेगळं विचारलं."

त्यानं हातातली दात कोरायची काडी मोडली. मग खाली बघून म्हणाला, "आम्हाला सवय नाही गं."

"कशाची?"

"तू असायची."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. भांडला असता तर मीही भांडले असते, वरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली असती. मला मोठ्यानं विचारायचं होतं की, अरे, वाळवंटात एकटीनं जेवायची, एकटीनं ताप काढायची, मांय मेली तेव्हा फोनवर तिची मयत ऐकायची सवय मी केली ती कोणासाठी? पण समोर माझा धाकटा भाऊ मान घालून बसला होता, आणि त्याच्या टाळूवर टक्कल पडलं होतं. ते टक्कल मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. ते कधी पडलं ते मला ठाऊक नव्हतं. मी उठले आणि आत जाऊन सिस्टरला फोन लावला. म्हटलं, पडदा छान आहे, मी राहायला येते.

आणि घर बदललं.

मी खोटं सांगत नाही, त्याच संध्याकाळपासून घर बदललं. हिल्डानं बांगड्याचं लोणचं घातलं. सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, भाजून चटणी कुटली. रविवारी पहाटेच उठून तिनं डुकराचं मांस शिजवलं आणि सान्नां उकडली, मला वाढताना "आणखी एक घ्या, तिथं कुठं मिळणार" म्हणाली. बरण्यांची तोंडं तिनं प्लास्टिकनं बांधली, वर चिकटपट्टीचे वेढे, वर पुन्हा प्लास्टिक, तेलाचा थेंब बाहेर येणार नाही असं. सगळं एका खोक्यात बसवलं. लिगोरीनं खोक्याला सुंभाची दोरी आवळली, मग कोठीतून तराजूचा काटा आणून खोका त्याला अडकवला आणि वर उचलला.

"किती झालं?" हिल्डानं विचारलं.

"बसतंय, बसतंय. अजून दोन किलो चालेल."

"दादा, बसमध्ये वजन कोण बघतंय?" प्रीमा म्हणाली, पण तीही मार्कर घेऊन खोक्याच्या चारी बाजूंनी माझं नाव लिहीत होती.

मी सोफ्यावर बसून बघत होते. कोणी मला उठू देत नव्हतं. त्यांचे हात असे चालले होते की कोणाला काही विचारावंच लागत नव्हतं. हे काम त्यांना पाठ होतं. इतक्या महिन्यांत माझ्याशी कसं वागावं हे त्या तिघांना उमगत नव्हतं, आज अचूक उमगलं होतं. लिगोरीनं बस नको म्हटलं आणि टेम्पोवाल्या रॉकीची व्हॅन बोलावली. निघण्याआधी सगळ्यांनी आल्तारासमोर गुडघे टेकले आणि प्रवासाची प्रार्थना म्हटली. रोझरीला मला जागा सापडत नव्हती. आज तिघांनी सरकून मला मधोमध घेतलं.

शेजारची मोनिकाबाय कुंपणापाशी आली. "निघालात? कुठं, पुन्हा कुवेतला?"

"नाही," मी म्हटलं. "सिस्टरांच्या शाळेत."

"हो का?" ती म्हणाली आणि खोक्याकडे बघत राहिली.

हिल्डानं मला मिठी मारली आणि ती रडली. हुंदके देऊन रडली. ती सोंग करणारी बाई नाही. तिला खरंच वाईट वाटत होतं आणि खरंच माझ्यावर माया होती, आणि ही माया मला फक्त फाटकापाशी मिळायची होती. प्रीमा डोळे पुसत होती. लिगोरीनं व्हॅनचं दार लावलं, खिडकीतून हात आत घालून माझा खांदा दाबला. "तब्येतीला जप, आक्का. पोचल्यावर फोन कर." व्हॅन वळणावर गेली तरी तिघं हात हलवत रस्त्यात उभे होते.

अर्ध्या तासानं मी माझ्या खोलीत होते. सिस्टर सेलेस्तीननं किल्ली दिली, सकाळच्या प्रार्थनेची वेळ सांगितली आणि घाईघाईनं निघून गेली. पलीकडच्या मैदानात बोर्डिंगच्या मुली आरडाओरडा करत काहीतरी खेळत होत्या. मी खोका खाटेखाली सरकवला. लिगोरीच्या गाठी सुटणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यांना सुरी लागली असती. बूट काढून खाटेच्या पायाशी ठेवले, घड्याळ टेबलावर. मग फोन लावला.

पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. "पोचलीस?"

"पोचले."

"बरं झालं गं! सगळे फोनपाशीच बसलो होतो." त्याचा आवाज मोकळा होता, उल्हसित होता. एप्रिलपासून मी तो ऐकला नव्हता. मागून हिल्डा काहीतरी ओरडली. "हिल्डा विचारतेय, आता कधी येणार?"

खिडकीबाहेर एक मुलगी पडली, उठली, गुडघा झटकून पुन्हा पळाली. मी तिच्याकडे बघत होते.

"रजा मिळाली की," मी म्हटलं.